शेजारच्या डॉनची साखर आणि चार तासांवरचं हॉस्पिटल

रिओकाठचा विन्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. परवा शेजाऱ्यांना घेऊन सॅन अँटोनिओला जाऊन आलो, आता बसूनच टाकतो लिहायला.

आम्ही टेक्सासच्या पार खालच्या टोकाला, मॅकॲलनला राहतो. गाडीनं वीसेक मिनिटं दक्षिणेला गेलं की रिओ ग्रांदे नदी आणि पलीकडे मेक्सिको. या सगळ्या पट्ट्याला इथे नुसतं 'व्हॅली' म्हणतात. वस्ती बहुतेक मेक्सिकन वंशाची. सैन्यात जाण्याचं वेड आपल्या साताऱ्यासारखं. आजोबा कोरियात, बाप व्हिएतनाममध्ये, नातू इराकमध्ये अशी घरं आमच्या गल्लीतच दोन आहेत.

शेजारचे आजोबा ७६ वर्षांचे. नाव लिहीत नाही. इथे वडीलधाऱ्या माणसाच्या नावाआधी 'डॉन' लावतात, तेव्हा आपण नुसतं डॉन म्हणू. (सिनेमातला नव्हे. हा डॉन सकाळी उठून मांजरांना दूध घालतो.) १९६८ साली भरतीचं पत्र आलं, १९६९ जवळजवळ अख्खं व्हिएतनाममध्ये गेलं. परत आल्यावर तीस वर्षं संत्री-ग्रेपफ्रूटच्या पॅकिंग शेडमध्ये नोकरी. साखर पंचेचाळिशीतच निघाली. औषधाला ते नदीपलीकडे नुएव्हो प्रोग्रेसोला जायचे. तिथे पूल उतरला की ओळीनं औषधांची दुकानं आणि दातांचे दवाखाने आहेत, सगळं स्वस्त. चालत जायचं, तीन महिन्यांचं मेटफॉर्मिन घ्यायचं, टाको खायचे आणि चालत परत.

व्हीए म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं. त्यांची स्वतःची १७० च्या आसपास हॉस्पिटलं, हजारावर दवाखाने आणि सुमारे ९० लाख नोंदलेले लोक. तिथे खिडक्या दोन आहेत: एक उपचाराची, दुसरी नोकरीत झालेल्या दुखापती-आजारांच्या भरपाईची. डॉननी पहिली खिडकी साठी ओलांडल्यावर गाठली. दुसरी गाठलीच नव्हती. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, "साखरेचं काय घेऊन बसलास? आमच्यात सगळ्यांनाच असते. आईला होती, दोन्ही भावांना आहे. तिचा लढाईशी काय संबंध?"

सगळी गोम इथेच आहे. व्हिएतनामच्या जंगलांवर अमेरिकेनं एजंट ऑरेंज नावाचं झाडं मारणारं रसायन फवारलं, त्यात डायॉक्सिन होतं. २००१ पासून व्हीएचा नियम असा, की तुम्ही त्या काळात व्हिएतनामच्या भूमीवर होतात आणि तुम्हाला टाइप टू डायबेटिस आहे, एवढं दिसलं की तो नोकरीमुळेच झाला असं गृहीत धरायचं. आई-भावांना आहे का, तोर्तिया (मक्याची भाकरी) किती खाता, हे कुणी विचारत नाही. २०१० साली हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार त्या यादीत आला, २०२२ च्या पॅक्ट कायद्यानं उच्च रक्तदाबही आला. डॉनना तिन्ही आहेत. क्लेम, म्हणजे भरपाईचा अर्ज, एकाचाही नव्हता. तो मग आम्ही बसून भरला. घरोघरी साखर असलेल्या समाजात 'ही आली कुठून' असं कुणी विचारतच नाही.

त्यांचा डिस्चार्जचा कागद, ज्याला इथे सगळे 'डीडी-२१४' म्हणतात, तो कुठे ठेवला होता सांगा? स्वयंपाकघरात ग्वादालूपे मातेची तसबीर आहे, तिच्यामागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आमच्या आजीच्या पोस्टाच्या पासबुकाची जागा हीच होती, फक्त तसबीर दत्ताची.

आता प्रवास. मॅकॲलनला, हार्लिंजनला व्हीएचे चांगले बाह्यरुग्ण दवाखाने आहेत, पण व्हॅलीत दाखल करून घेणारं व्हीएचं स्वतःचं हॉस्पिटल नाही. ते सॅन अँटोनिओला, ऑडी मर्फी हॉस्पिटल. साधारण ३८५ किलोमीटर, एका बाजूला चार तास. २००५ मध्ये इथले माजी सैनिक या मागणीसाठी सॅन अँटोनिओपर्यंत पायी गेले होते. आपल्याकडे वारीला जातात तसे, फक्त पुढे विठोबा नव्हता.

आम्ही पहाटे साडेतीनला निघालो. डॉन पुढच्या सीटवर, 'व्हिएतनाम व्हेटरन' लिहिलेली काळी टोपी घालून. त्यांच्या बायको, म्हणजे काकू, मागे, मांडीवर फॉइलमध्ये गुंडाळलेले बटाटा-अंड्याचे टाको. फॅल्फुरियसला सीमा पोलिसांचं (बॉर्डर पॅट्रोल) नाकं लागतं. मेक्सिकोची हद्द मागे शंभरेक किलोमीटरवर राहिलेली असते, तरी उत्तरेला जाणारी प्रत्येक गाडी थांबवतात. माझा पासपोर्ट हातात तयार. पोरसवदा शिपायानं टोपी वाचली, तरी विचारलंच, "अमेरिकन नागरिक?" डॉन "येस सर" म्हणाले. पुढे पाच मिनिटं गाडीत कुणी बोललं नाही. मग काकूंनी टाको वाटले.

---

शंकासुर_पुणे

धागा आवडला, पण दोन शंका.
१. हिस्पॅनिक म्हणजे नक्की कोण? मेक्सिकन एवढेच का?
२. व्हीए सगळ्यांना सारखंच ना? मग हिस्पॅनिक सैनिकांचा प्रश्न वेगळा कसा? दूर राहणारा गोरा शेतकरीही चार तास जात असेलच की.

---

रिओकाठचा विन्या

शंकासुरा, पहिल्याचं सोपं आहे. स्पॅनिश भाषेच्या देशांतून ज्यांची मुळं येतात ते सगळे: मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्यूबन, डोमिनिकन वगैरे. वर्ण कुठलाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांत साधारण दर बारा-तेरांमागे एक.

दुसऱ्याचं उत्तर थोडं मागे जाऊन देतो. त्याच रस्त्यावर थ्री रिव्हर्स नावाचं गाव लागतं. फेलिक्स लाँगोरिया हा तिथला सैनिक १९४५ मध्ये फिलिपिन्समध्ये मारला गेला. १९४९ मध्ये त्याचे अवशेष घरी आले तेव्हा गावातल्या अंत्यविधीगृहानं, गोऱ्यांना आवडणार नाही म्हणून, चॅपेल द्यायला नकार दिला. त्याच्या बायकोच्या बाजूनं उभे राहिले कॉर्पस ख्रिस्तीचे डॉक्टर हेक्टर गार्सिया. स्वतः महायुद्धातून परतलेले. गरीब मेक्सिकन सैनिकांना हक्काचे उपचार आणि भत्ते मिळत नाहीत हे दवाखान्यात रोज बघत होते, म्हणून १९४८ मध्येच त्यांनी 'अमेरिकन जीआय फोरम' ही माजी सैनिकांची संघटना काढली होती. प्रकरण सिनेटर लिंडन जॉन्सनपर्यंत गेलं आणि लाँगोरियाला शेवटी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली.

थ्री रिव्हर्सला पेट्रोल भरताना डॉननी ही गोष्ट मला सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "माझा बाप सांगायचा, त्यांच्या दारात जायचंच कशाला." नियम आज सगळ्यांना सारखा आहे, शंका नाही. पण खिडकीशी जाऊन मागायची सवय दोन पिढ्यांत मोडली असेल तर नियम एकटा काय करणार? गोरा शेतकरीही चार तास जातो, बरोबर. त्याला नाक्यावर नागरिकत्व विचारतात का ते मात्र बघायला पाहिजे.

---

मीनल_ऑर्लँडो

मी फ्लोरिडात नर्स आहे (व्हीएत नाही, खासगीत), पण माझ्याकडे पोर्तो रिकन आजोबा खूप येतात. मारिया वादळानंतर, म्हणजे सप्टेंबर २०१७ नंतर, तर रीघच लागली होती. बेटावर महिनोन् महिने वीज नव्हती. इन्सुलिन ठेवायचं कुठे, डायलिसिस चालवायचं कशावर? पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक. सैन्यात जातात, लढतात, पण बेटावर राहून राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही. तो विषय वेगळा.

विन्याची 'साखर कुठून आली' वाली गोष्ट वाचून एक आजोबा आठवले, ६५ व्या इन्फंट्रीचे. ही पोर्तो रिकोची रेजिमेंट, 'बोरिंकनिअर्स' म्हणतात, २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसचं (संसदेचं) सुवर्णपदक मिळालं. उष्ण बेटावरची ही पोरं कोरियाच्या हिवाळ्यात उभी केली होती. या आजोबांच्या पायांना संवेदना नाही, रात्री आग होते. सगळे डॉक्टर म्हणणार डायबेटिस आहे, नसा गेल्यात. मी मोजे काढताना दोन बोटांच्या टोकांची कातडी निराळीच दिसली, पातळ आणि चकचकीत. विचारलं तर म्हणाले, "ती कोरियातली." हिमदंश! सत्तर वर्षं पायात घेऊन फिरत होते. हिमदंशाचे उशिरा दिसणारे परिणामही व्हीए भरपाईत धरते: बधिरपणा, सांधेदुखी, जुन्या व्रणात कॅन्सरसुद्धा.

पण कागद? १९७३ च्या जुलैत सेंट लुईसच्या लष्करी नोंदींच्या इमारतीला आग लागली. १९१२ ते १९६० दरम्यान आर्मीतून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के फायली गेल्या. कोरियावाले बरोब्बर त्यात. मग सोबत्यांची पत्रं, जुने फोटो, आईला पाठवलेली पाकिटं असं काय काय जोडत बसावं लागतं. आजोबांच्या मुलीनं बुटांच्या खोक्यातून हॉस्पिटलच्या खाटेवरचा फोटो शोधून काढला, पाय बँडेजमध्ये. मागे त्यांच्याच अक्षरात महिना-वर्ष.

आणि भाषा! तरुण सैनिक इंग्रजीत फाडफाड बोलतात, प्रश्न म्हाताऱ्यांचा आणि त्यांच्या बायकांचा. गोळ्या बायको देणार, पथ्य बायको करणार, आणि माहितीपत्रक इंग्रजीत. मुलीला दुभाषी करू नका असं मी कायम सांगते. लघवीच्या तक्रारी, रात्रीची भयस्वप्नं, बाप मुलीच्या तोंडून कशाला सांगेल?

---

मनकवडी

मीनल +१. मी समुपदेशनात आहे, म्हणून मनाच्या बाजूनं थोडं.

व्हिएतनामच्या सैनिकांचा मोठा राष्ट्रीय अभ्यास १९८० च्या दशकात झाला. त्या वेळी पीटीएसडी (आघातानंतर मनात राहून जाणारा त्रास) असलेल्यांचं प्रमाण गोऱ्यांत सुमारे १४ टक्के, कृष्णवर्णीयांत २१ आणि हिस्पॅनिकांत २८ टक्के निघालं. दुप्पट! लगेच कुणी 'ही माणसंच हळवी' वगैरे म्हणू नका. त्याच माहितीचा पुढे पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की ही मुलं गेली तेव्हा वयानं लहान होती, शिक्षण कमी होतं आणि प्रत्यक्ष लढाईत जास्त होती. एकोणिसाव्या वर्षी पायदळात टाकलं तर कुठल्याही आईचं पोर मोडेल.

स्पॅनिशमध्ये 'अग्वांतार' असं क्रियापद आहे. सहन कर, दम धर. बाप मुलाला म्हणतो 'अग्वांता'. आपल्या 'पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय' चा सख्खा भाऊ. त्यामुळे हे लोक 'मन उदास आहे' म्हणत नाहीत, 'नेर्व्हिओस' आहेत म्हणतात, म्हणजे नसांचा त्रास. छाती भरते, हात थरथरतात, झोप नाही. चाचपडत हृदयाच्या डॉक्टरकडे जातात. १९७९ पासून 'व्हेट सेंटर' नावाची छोटी समुपदेशन केंद्रं आहेत, मुख्य हॉस्पिटलपासून वेगळी, बाजारपेठेत वगैरे. तिथे जाणं सोपं वाटतं, कारण दारावर 'मानसोपचार' लिहिलेलं नसतं. आणि अगदीच टोकाला आलं तर ९८८ फिरवून १ दाबायचा, चोवीस तास.

स्त्रियांचं कुणी लिहिलं नाही म्हणून: २०२० मध्ये टेक्सासच्याच फोर्ट हूडवर व्हेनेसा गियेन या तरुण सैनिक मुलीचा खून झाला. तिनं लैंगिक छळाबद्दल घरी सांगितलं होतं, पण तक्रार करायची भीती वाटत होती. सैन्यातल्या लैंगिक अत्याचाराशी संबंधित उपचार व्हीए फुकट करते, आणि त्या वेळी तक्रार नोंदवली नव्हती तरी करते. हे वाक्य कुणाच्या तरी बहिणीपर्यंत पोचावं.

---

आपशिंगेकर

विन्याभाऊ, साताऱ्याचं नाव घेतलंत म्हणून आलो. आमच्या गावाचं नावच आपशिंगे मिलिटरी. वडील सुभेदार होते.

आपल्याकडं २००३ पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, कार्ड दाखवायचं, पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्यायचा, मग यादीतलं हॉस्पिटल. अंतराचं दुखणं आमचंही तेच, मोठ्या कामाला पुणं. पण मला भिडलं ते 'गृहीत धरायचं' हे. आपल्या डिसेबिलिटी पेन्शनचं भांडण अख्खं त्यावरच असतं, आजार नोकरीमुळं झाला का नाही. २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की भरती होताना आजाराची नोंद नव्हती तर तो नोकरीतच झाला असं मानायचं, आणि नाही म्हणायचं असलं तर ते सरकारनं दाखवायचं. म्हाताऱ्यानं नव्हं. वडलांचं बीपी नोकरीतच चालू झालेलं. ते पण हेच म्हणायचे, "बीपी काय, सगळ्यास्नीच असतंय." अर्ज केला नाही तो नाहीच.

डॉनला माझा सॅल्यूट सांगा.

---

समुद्रकाठी

मी सॅन डिएगोत. इथून पलीकडे तिहुआना दिसतं, आणि तिथे या विषयाची सगळ्यात कडू बाजू राहते. अमेरिकेच्या सैन्यात ग्रीन कार्डावर भरती होता येतं. नागरिकत्वाचा अर्ज करायचा राहून गेला, पुढे व्यसन-मारामारीत गुन्हा लागला, की १९९६ च्या कायद्यानुसार हद्दपार. भरपाईचा हक्क राहतो, पण व्हीएच्या दवाखान्यात यायचं तर सीमा ओलांडायला हवी, आणि तीच बंद. परदेशात व्हीए फक्त नोकरीशी जोडल्या गेलेल्या आजाराचा खर्च देते. म्हणजे क्लेम मंजूर नसेल तर काहीच नाही, आणि क्लेमसाठी तपासणी करून घेणं पुन्हा अवघड.

हेक्टर बाराहास हा ८२ व्या एअरबोर्नचा पॅराट्रूपर स्वतः असा हद्दपार झाला होता. त्यानं तिहुआनात अशांसाठी घर उघडलं, सगळे त्याला 'बंकर' म्हणतात. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी त्याला माफी दिली आणि २०१८ मध्ये तो नागरिक होऊन परत आला. त्याच्यासारखं नशीब थोड्यांचं.

---

गोळीवाला

मी फार्मसिस्ट. विन्याच्या डॉनना कुणी यकृत तपासायला सांगितलंय का? साखरेबरोबर यकृतावरची चरबी मेक्सिकन वंशाच्या लोकांत जास्त दिसते. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार त्यांच्यात बराच आढळतो, हे एक कारण. व्हिएतनामच्या पिढीत हेपॅटायटिस सीसुद्धा होता, पण २०१४ नंतरच्या गोळ्यांनी व्हीएनं लाखावर लोकांवर उपचार केले. बाकी तोर्तियाला शिव्या देऊ नका. मक्याची तोर्तिया आणि आपली भाकरी यांत डावं-उजवं नाही, घोळ असतो तो सोबतच्या डुकराच्या चरबीत आणि गोड सरबतांत. आपण श्रीखंड-पुरी झोडून कुणाला पथ्य सांगणार म्हणा!

---

शंकासुर_पुणे

माझ्या शंका मागे घेतो. (सवय नाही, चूकभूल माफ.) पण एक राहिलीच. चार तासांच्या ऐवजी जवळच्या खासगी हॉस्पिटलात व्हीएच्या खर्चानं नाही का जाता येत?

---

रिओकाठचा विन्या

येतं, शंकासुरा. २०१८ च्या मिशन कायद्यानं ते सोपं केलं. नेहमीच्या डॉक्टरसाठी गाडीनं सरासरी ३० मिनिटांपेक्षा किंवा तज्ज्ञासाठी ६० मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, किंवा वाट बघायचे दिवस अनुक्रमे २० आणि २८ च्या पुढे जात असतील, तर बाहेर जाता येतं. पण व्हीएची मंजुरी आधी पाहिजे. डॉन गेल्या वर्षी इथल्याच एका खासगी हॉस्पिटलात गेले होते. त्यांच्या बिलवाल्यांनी मंजुरीचा क्रमांक कुठे टाकायचा तो टाकला नाही आणि बिल आलं थेट घरी. काकूंनी ते दोन महिने तोर्तियाच्या फडक्याखाली लपवून ठेवलं, डॉनचं बीपी वाढेल म्हणून. वसुलीवाल्यांचा फोन आला तेव्हा मला कळलं. मिटलं शेवटी, पण डॉननी ठरवून टाकलं, हृदयाचं काम सॅन अँटोनिओलाच. तिथला माणूस विचारतो, "कुठल्या युनिटमध्ये होतात?" हे त्यांना औषधाइतकंच लागतं.

तरुणांचं राहिलं. इराकमध्ये कचरा, प्लॅस्टिक, बॅटऱ्या, सगळं उघड्या खड्ड्यांत जाळायचे. आमच्याच बाजूच्या रॉब्सटाउनचे ले रॉय टोरेस तिथून फुप्फुसं खराब करून परतले. राज्याच्या पोलीस दलानं त्यांना त्यांच्या आजाराला झेपेल असं काम दिलं नाही, त्यासाठी राज्यावर दावा लावायचा हक्क त्यांनी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात मिळवला. त्यांनी आणि बायकोनं चालवलेल्या मोहिमेचा पॅक्ट कायद्यात मोठा वाटा. त्या कायद्यामुळे दम्यासारखे वीसेक आजार आता गृहीत धरतात. आमच्या गल्लीतल्या एका नातवाला खोकला आहे. आजी म्हणते, धूळ आहे व्हॅलीत. पुन्हा तेच.

ज्यांच्या ओळखीत कुणी असेल त्यांच्यासाठी: आधी 'क्लेम करणार आहे' एवढं व्हीएला कळवून टाका, तारीख पकडली जाते, मग कागदांना वर्ष मिळतं. काउंटीच्या कचेरीत माजी सैनिकांचा अधिकारी बसतो, तो फुकट भरून देतो. टक्केवारीवर क्लेम करून देतो म्हणणाऱ्यांना इथे 'क्लेम शार्क' म्हणतात. पहिल्या क्लेमला फी घेणं कायद्यात बसत नाही, त्यांना दारातूनच घालवा.

---

मीनल_ऑर्लँडो

डॉनच्या क्लेमचं काय झालं ते सांगितलंच नाहीस!

---

रिओकाठचा विन्या

सॅन अँटोनिओहून आल्यावर आठवड्यानं जाड पाकीट आलं. डॉननी उघडलंच नाही, टेबलावर ठेवून मांजरांकडे गेले. काकूंनी कांदा चिरायच्या सुरीनं फोडलं. डायबेटिसचे २० टक्के (अपंगत्वाचं माप, त्यावर भरपाई ठरते) मंजूर. गोळी आणि पथ्य असलं की सहसा एवढेच देतात. हृदयाचं आणि बीपीचं अजून तपासणीत आहे. डॉन आत येऊन म्हणाले, "म्हणजे आईची साखर वेगळी आणि माझी वेगळी?" मला काही उत्तर सुचलं नाही. काकूंनी कागद पुन्हा पिशवीत घातला आणि तसबिरीमागे ठेवला.

आपशिंगेकर, तुमचा सॅल्यूट पोचवला. उभे राहून घेतला त्यांनी.

आज सकाळी काकू दारात. हातात पलीकडच्या गल्लीतले दोन डीडी-२१४, एक त्यांच्या दिराचा आणि एक चर्चमधल्या कुणाचा. गल्लीत प्रिंटर माझ्या एकट्याकडे आहे ना. शाई संपलीय, संध्याकाळी आणतो.